जुन्या गोठ्यात ससे ठेवू द्या: आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

मा. सरपंच, उपसरपंच, पंच सदस्य आणि ग्रामसभेला येणाऱ्या सर्व गावकऱ्यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मागच्या महिन्यात मी पंचायतीत एक अर्ज दिला. आमच्या घरामागचा जुना गोठा दुरुस्त करून तिथं टाकून दिलेल्या सशांसाठी निवारा सुरू करायचा आहे, त्याला ना हरकत दाखला मिळावा, एवढंच त्यात आहे. त्यानंतर वाड्यावर, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीपाशी आणि देवळाच्या पायरीवर जे बोललं गेलं, ते माझ्या कानावर आलं आहे. वास सुटणार. साप येणार. उद्या गाड्या भरून पर्यटक येणार. ही मटणाचा धंदा काढणार. माणसांच्या नळाला पाणी नाही आणि ही सशांना पाजणार. रविवारच्या सभेत मला पाच मिनिटं मिळाली तरी खूप झालं. तेवढ्यात हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून आधीच लिहिते आहे. सभेला येण्यापूर्वी एकदा वाचा, मग माझ्या तोंडावर हरकत घ्या. मला राग येणार नाही.

माझ्याकडे ससे आले ते मी मागितले म्हणून नव्हे. चार वर्षांपूर्वी शेजारच्या वाड्यावरच्या एका मुलाला वाढदिवसाला दोन पांढरे ससे मिळाले. दुकानदारानं ‘दोन्ही माद्या आहेत, काही त्रास नाही’ असं सांगून दिले होते. तीन महिन्यांनी मुलाची परीक्षा आली, सशांनी फ्रीजची वायर कुरतडली, आजीला पिंजऱ्याचा वास सोसेना. ‘तू औषधांच्या दुकानात कामाला, तुला कळतं’ असं म्हणून पिंजरा माझ्या ओसरीवर आला. मला माणसांची औषधं कळतात. सशातलं मला काहीही कळत नव्हतं.

एका सकाळी मोरीत ठेवलेल्या टोपलीत पांढऱ्या केसांचा ढीग दिसला. मांजरानं एकाला फाडलं असं वाटून माझे हातपाय गळाले. केस हळूच बाजूला केले तर आत सहा पिल्लं. करंगळीएवढी, गुलाबी, अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, आणि सगळी मिळून एका लयीत श्वास घेत होती. ते केस आईनं स्वतःच्या पोटाचे उपटून अंथरले होते. दुकानदाराच्या दोन ‘माद्यां’पैकी एक नर होता. लहानपणी सशाचं लिंग ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं, हे मला पुढे समजलं.

मग माझी चूक झाली. आई दिवसभर पिल्लांपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात बसलेली. हिनं पिल्लं टाकली असं मी समजले आणि ड्रॉपरनं गायीचं दूध पाजायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन पिल्लं गेली. दूध श्वासात गेलं असणार. सशाची आई चोवीस तासांत बहुधा एकदाच, बहुतेक रात्री किंवा पहाटे, जेमतेम चार-पाच मिनिटं पाजते आणि बाजूला होते. रानात सतत बिळाजवळ राहिली तर शिकाऱ्याला वाट दाखवल्यासारखं होईल, म्हणून ती तशी वागते. ती तिचं काम चोख करत होती. मी मध्ये पडले.

मादीला दिवस राहिले की सुमारे एकतीस दिवसांत ती विते, आणि व्यायल्या दिवशीच तिला पुन्हा दिवस राहू शकतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. नर त्याच पिंजऱ्यात होता. महिन्याभरानं टोपलीत पुन्हा केस, पुन्हा सहा पिल्लं. दोनाचे बारा झाले. ही पिल्लं चार-सहा महिन्यांची झाली की त्यांनाही पिल्लं होतात, त्याला भाऊबहिणीचं बंधन नाही. मी घाबरले आणि जो मागेल त्याला वाटत सुटले. वाड्यावरच्या मुलांना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना, डिचोलीच्या एका ओळखीच्या बाईला. पुण्य केल्यासारखं वाटत होतं. सहा महिन्यांत त्यातले तीन परत आले, एक कुत्र्यांनी मारल्याचं कळलं, आणि डिचोलीच्या त्या बाईनं फोन करून विचारलं, ‘अगं, माझ्याकडे सात झाले, तुला हवेत का?’

त्या फोननंतर मी ठरवलं की हे काम करायचं तर नीट करायचं, नाहीतर करायचंच नाही. पिंजरे, भिंती, जाळी हे सगळं नंतर. आधी ऑपरेशन. जिथं नर-मादीचं निर्बीजीकरण होत नाही तो निवारा नव्हे, तो पिल्लं काढायचा कारखाना, मग दारावर पाटी कसलीही लावा. माझ्या अर्जाचा पायाच हा आहे.

आज माझ्याकडे नऊ ससे आहेत. एक म्हापशाच्या बाजारातून उचललेला, कान खरजेनं जाड झालेला. दोन भाड्याची खोली सोडून गेलेल्या कुटुंबानं गच्चीवर पिंजऱ्यासकट ठेवलेले. एक मादी सत्तरी तालुक्याच्या वाटेवर देवराईच्या कडेला सापडली. तिला कुणीतरी ‘मोकळं’ केलं होतं. या मोकळं करण्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण चांगल्या मनाची माणसंच हे करतात.

आपल्या डोंगरात, काजूच्या बागांत रात्री गाडीच्या उजेडात जो तपकिरी, काळ्या मानेचा, लांब टांगांचा ससा दिसतो तो वेगळा प्राणी. तो बिळात राहत नाही. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगभर केस घेऊन येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, मारणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. गवत कापताना त्याचं पिल्लू दिसलं तर हात न लावता पुढे जा, आई जवळपासच असते. जखमी असेल तर वनखात्याला कळवा. तो माझ्या गोठ्यात येणार नाही आणि मी त्याला आणणारही नाही.

दुकानात मिळतो तो मुळात युरोपातला. त्याचं घर म्हणजे स्पेन आणि पोर्तुगालचा भाग. ज्या देशानं आपल्या गोव्यावर ४५१ वर्षं राज्य केलं, त्याच मुलुखातला हा प्राणी. तिथं तो कोरड्या जमिनीत बिळं करून थंडाव्यात राहतो. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या जातीला न्यूझीलंड व्हाइट म्हणतात, पण ती घडवली अमेरिकेत, मांस आणि केसाळ कातडीसाठी, पुढे ती प्रयोगशाळांतही गेली. गर्द हिरव्या रानात हा पांढरा जीव सोडला की घार, मुंगूस, आजगर, गावठी कुत्रा, कुणालाही तो लांबून दिसतो. देवराईच्या कडेला सापडलेली ती मादी एका दगडाला चिकटून बसली होती. पळतही नव्हती. माणूस दिसल्यावर ती माझ्याच दिशेनं आली.

आणि समजा जगलेच, तर? १८५९ साली ऑस्ट्रेलियात एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले दोन डझन ससे आपल्या जमिनीत सोडले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्यांनी देशाचा मोठा भाग पोखरला. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. पण परका प्राणी रानात सोडणं ही दया नाही, एवढं तरी मान्य व्हावं. शिवाय पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कितीतरी वर्षं तो आकडा हललेला नाही. म्हणून कायद्याच्या भरवशावर मी बसलेली नाही.

आता तुमच्या हरकती.

वासाची भीती खरी आहे. सशाच्या मुताला उग्र दर्प असतो, आणि वयात आलेला नर जागोजागी मुतून हद्द आखतो. निर्बीजीकरण झालं की हे बरंच थांबतं. मग ससा मांजरासारखा एका ट्रेमध्ये जायला शिकतो. माझे पाच शिकले आहेत. ट्रेमध्ये लाकडाचा भुसा आणि वर सुकं गवत, रोज सकाळी बदलायचं. लेंड्या कोरड्या, वाटाण्याएवढ्या असतात, त्यांना वास जवळपास नाहीच. शेणासारख्या कुजवत ठेवायला लागत नाहीत, तशाच झाडांच्या बुंध्यात टाकता येतात. यंदा माझ्या पोरसातल्या, म्हणजे परसबागेतल्या, मिरचीला आणि तांबड्या भाजीला मी दुसरं काहीच घातलं नाही. ज्याला हव्या असतील त्यानं पोतं घेऊन यावं, पैसे नकोत.

साप सशांसाठी येत नाहीत, ते उंदरांमागे येतात, आणि उंदीर येतात सांडलेल्या दाण्यांसाठी. म्हणून दाणा पत्र्याच्या डब्यात राहील आणि रात्री ताटलीत काही उरणार नाही. जमीन सिमेंटची, खिडक्यांना अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो, ती मी वापरणार नाही. आजगर आलाच तर त्याला मारायचं नाही, वनखात्याला बोलवायचं, हे तर आपल्या गावात आता लहान मुलांनाही ठाऊक आहे.

पाण्याचं म्हणाल तर दोन किलोचा ससा दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पितो. बारा सशांचं मिळून तीन-चार लिटर, म्हणजे अर्धी कळशीसुद्धा नाही. ते आमच्या विहिरीचं. नळाचं एक थेंब मी मागत नाही.

रोगाबद्दल खरं सांगते. सशाची खरूज आणि गजकर्ण माणसाला लागू शकतं. बाजारातल्या त्या खरजेच्या सशामुळे माझ्या मनगटाला पंधरा दिवस खाज होती. म्हणून नवा आलेला ससा किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, हातमोजे घालूनच हाताळायचा, आणि डॉक्टरांनी ‘ठीक’ म्हटल्याशिवाय बाकीच्यांत मिसळायचा नाही. ती वेगळी खोली आराखड्यात दाखवली आहे.

पर्यटक, तिकीट, फोटो यातलं काहीही नाही. रस्त्यावर पाटीसुद्धा लावणार नाही, कारण पाटी लागली की लोक रात्री गेटपाशी खोका ठेवून जातात. आणि मटणाचं बोलणारे गैरसमजात आहेत. काही घरं मांसासाठी ससे पाळतात, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण या गोठ्यातला एकही ससा विकला जाणार नाही, कापला जाणार नाही, आणि इथं एकही पिल्लू मुद्दाम जन्माला येणार नाही. हे पंचायतीला हवं तर स्टॅम्प पेपरवर लिहून देते.

गोठाच का, तर त्याच्या चिऱ्यांच्या भिंती दीड हात जाड आहेत आणि वर मंगळुरी कौलं. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून अंग थंड करणंही त्याला धड जमत नाही. त्याची उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. तिशीच्या वर पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात तेहतीस-चौतीस डिग्री, वर घाम पुसून पुसून कंटाळावं अशी दमट हवा. पत्र्याच्या छपराखाली तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेला ससा अशा दुपारी मरतो. गोठ्यात भर दुपारीही पायाखाली गारवा असतो, हे तिथं लपाछपी खेळलेल्या तुमच्यातल्या कितीतरी जणांना माहीत आहे. त्याला मी पंखा आणि पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांची जोड देणार. ससे त्या बाटल्यांना पाठ लावून पडतात.

आता भुऱ्याबद्दल लिहिते. हे लिहायचं मी टाळत होते.

भुरा राखाडी रंगाचा नर, परत आलेल्या तिघांपैकी एक. मी कामावरून आले की स्कूटरच्या आवाजानं दाराशी यायचा आणि माझ्या पायांभोवती आठचा आकडा काढत पळायचा. रोज संध्याकाळी चहाबरोबर मी त्याला पावाचा तुकडा द्यायची. आवडीनं खायचा. मेमधल्या एका शनिवारी त्यानं पाव घेतला नाही. कोथिंबीर घेतली नाही. कोपऱ्यात अंग आवळून बसला आणि दात खायला लागला, बारीक कर्र कर्र असा आवाज. पोट हाताला घट्ट लागत होतं, ट्रेमध्ये सकाळपासून एक लेंडी नव्हती. मी काय केलं? आपल्याकडे पोट बिघडलं की लंघन करतात, तसं त्याला उपाशी ठेवलं. उद्या बघू म्हटलं.

सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. तो उलटी करू शकत नाही, आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे. बारा तास खाणं आणि लेंड्या बंद झाल्या तर ती तातडीची वेळ असते, थांबायची नव्हे. मला ते रात्री नऊला कुणाच्या तरी फोनवरून कळलं. टोपलीत घालून त्याला घेऊन निघाले. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. दुसरीकडे एक इंजेक्शन मिळालं, पण सशाला ते किती द्यायचं याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांना मी दोष देत नाही. पहाटे चारला भुरा माझ्या मांडीवर गेला. मांडीला त्याच्या पायांचा एक शेवटचा झटका लागला, तो अजून आठवतो.

पाव, बिस्किट, पोळी, भात हे सशाचं अन्नच नाही. गाजरसुद्धा गोड असतं, बोटाच्या पेराएवढं कधीतरी चालेल. त्याच्या पोटात जायला हवं ते गवत, हिरवं किंवा सुकं, दिवसभर, हवं तेवढं. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळूनच ते झिजतात, नाहीतर वाढून हिरडीत-गालात घुसतात. आतडंही त्याच गवताच्या धाग्यांवर चालतं. म्हणून माझ्या आराखड्यातला सगळ्यात मोठा खर्च गवताचा आहे. पावसाळा संपल्यावर डोंगरावरचं करड गवत सुकायला लागतं, वणवा लागण्याआधी ते कापलं पाहिजे. ते मी गावातूनच, रोख पैसे देऊन विकत घेणार. ज्यांच्या भरड जमिनीत करड उगवतं त्यांनी सभेनंतर मला भेटावं. एकच अट, पावसात भिजलेलं किंवा बुरशी धरलेलं नको. आपल्या जून-जुलैत गवत कोरडं ठेवणं हीच मोठी परीक्षा आहे. त्यासाठी माळ्यावर फळ्यांचा चौथरा घालते आहे.

भुरा गेल्यावर वर्षभरानं मला एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी सशांच्या भुलीबद्दल वाचलं होतं, शिकल्या होत्या, आणि ‘आपण नरापासून सुरुवात करू’ म्हणाल्या. बैल खच्ची करतात तेच, फक्त भुलीखाली, टाके घालून. कुत्र्याला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, सशाला तसं ठेवायचं नाही, हे त्यांनी मला आधीच बजावलं. मी दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन केलं, एक किलो आठशे चाळीस ग्रॅम, आणि डब्यात कोथिंबीर, दुर्वा आणि त्याच्या घरचं गवत भरून नेलं. ऑपरेशन संपल्यावर तो टॉवेलवर पडून होता, डोळे अर्धवट. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. पाऊण तासानं त्याचं नाक हललं. मी कोथिंबिरीची एक काडी नाकाशी धरली. त्यानं ती ओढली, आणि शांत खोलीत चावण्याचा बारीक आवाज यायला लागला. डॉक्टरांनी तेव्हाच हातमोजे काढले. ऑपरेशननंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, म्हणून तितके दिवस वेगळा ठेवायचा, हे मी आता भिंतीवर तारखेसकट लिहून ठेवते.

मादीचं ऑपरेशन मोठं, पोट उघडावं लागतं, धोका जास्त. पण न केलेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता फार मोठी असते, म्हणजे तिच्या स्वतःसाठीही ते हवं. माझ्या नऊपैकी सहांची ऑपरेशनं झाली आहेत. उरलेल्या तिघांची झाल्याशिवाय मी दहावा घेणार नाही.

गावकरी हो, हे गोव्यात होऊ शकतं यावर माझा विश्वास आहे, कारण आपण याहून कठीण काम करून दाखवलं आहे. खांद्यावर मोठी जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणारी, कुत्र्यांना पकडून रेबीजची लस टोचून लगेच सोडणारी माणसं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. सरकार, संस्था आणि गावं एकत्र आली म्हणून २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. सशांना त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही यंत्रणा लागणार नाही.

म्हणून दाखल्याखेरीज माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, ग्रामसभेनं ठराव घेऊन पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालयाला विनंती करावी की सरकारी डॉक्टरांना सशांच्या भुलीचं आणि निर्बीजीकरणाचं प्रशिक्षण मिळावं आणि वर्षातून एखाद-दुसरं शिबिर घ्यावं. एका बाईनं लिहिलेल्या अर्जापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. सगळं गोवा त्या एका डॉक्टरबाईंच्या भरवशावर किती दिवस राहणार? दुसरी मागणी आठवड्याच्या बाजाराची. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आपल्या पंचायत हद्दीत खोक्यातून, टोपलीतून, उन्हात ससे विकायला बसणाऱ्याकडे ती नोंदणी आहे का, एवढं बाजाराच्या सोपो कराची पावती फाडणाऱ्यानं विचारावं. एवढं झालं तरी माझ्याकडे येणारे निम्मे कमी होतील असं मला वाटतं.

मर्यादा मी स्वतःच घालून घेतली आहे: बारा. गोठ्यात वीस मावतील, पण कामावर जाण्याआधी रोज पहाटे मी बाराच नीट बघू शकते. तेराव्याला नाही म्हणावं लागेल. त्या रात्री झोप येणार नाही हे मला माहीत आहे. तरीही नाही म्हणणार, आणि जो घेऊन येईल त्याला त्याच्याच घरी ससा कसा ठेवायचा ते जाऊन शिकवणार. बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.

दत्तक देताना ऑपरेशन झालेलीच जोडी द्यायची, कारण ससा एकटा झुरतो. सही घरातल्या मोठ्या माणसाची, मुलाची नाही. ससा आठ-दहा वर्षं जगतो, आज चौथीत असलेला मुलगा तोवर कॉलेजात गेलेला असतो. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मला काही झालं तर काय, हा प्रश्न सरपंचांनी विचारला तो योग्यच होता. फोंड्याच्या माझ्या बहिणीनं लेखी जबाबदारी घेतली आहे, आणि संस्था नोंदणी होईल तेव्हा तिच्यासकट सात जणांच्या सह्या असतील. त्यानंतर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मान्यतेसाठी अर्ज करायचा आहे. पंचायतीकडून एक रुपयाही मागत नाही.

‘आधी माणसांचं बघा’ असं जे म्हणाले, त्यांना मी ओळखते आणि त्यांचा मान राखून सांगते: कोविडच्या काळात ज्या बाईनं रात्री-अपरात्री दुकान उघडून औषधं घरपोच केली तीच हे करते आहे. माणसांचं बघणं मी सोडलेलं नाही.

वाड्यावरच्या तरुण मुलांना एक वेगळी विनंती. दिवाळीत नरकासुराच्या रात्री तुमचे स्पीकर आमच्या कुंपणाला लागून असतात. ससा भीतीनं मरतो, ही म्हण नव्हे. अचानक मोठ्या आवाजानं तो उसळी घेतो, आणि त्याचा कणा इतका नाजूक असतो की स्वतःच्याच लाथेच्या जोरानं मोडू शकतो. नरकासुर जरूर करा, मी दरवर्षी वर्गणी देते, यंदाही देईन. फक्त स्पीकर पिंपळाच्या बाजूला वळवा आणि सुतळी बॉम्ब कुंपणापासून दूर लावा. त्या रात्री मी स्वतः सशांपाशी बसेन. गणेश चवथीलाही मी इथंच असते, त्या दिवसांत कुणाला आपला ससा सांभाळायला ठेवायचा असेल तर खुशाल आणा, फक्त आधी सांगा.

ज्यांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, त्यांनी सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पाचनंतर या. दुपारी ससे झोपलेले असतात, संध्याकाळी उठतात. येताना कुत्रा सोबत नको. मुलांना आणा, पण आत आल्यावर खाली जमिनीवर बसायचं आणि ससा आपणहून जवळ येईपर्यंत थांबायचं. कान धरून कुणीही उचलायचं नाही. आराखडा, डॉक्टरांची पत्रं आणि ऑपरेशनच्या नोंदींची वही ओसरीवर ठेवलेली असेल.

आपली नम्र,
देवळामागच्या वाड्यावरची, औषधांच्या दुकानातली